चार बाटल्यांचा एक युरो

दुपारी चारच्या सुमाराला, चहा ठेवावा की अजून थोडं लोळावं अशा विचारात होते तेवढ्यात भाचीचा व्हिडिओ कॉल. तिकडं साडेबारा वाजलेले (उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, थंडीत साडेचार, आणि ते लोक घड्याळ मागंपुढं करतात त्या आठवड्यात आमच्यातलं कोणीतरी भलत्याच वेळी फोन करून तिची झोप मोडतंच). ती कुठल्याशा सुपरमार्केटात रांगेत उभी, खांद्याला ही भलीमोठी पिशवी आणि आत रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. आई माझ्या मागून डोकावली आणि म्हणाली, "अगं बाई, पोरगी तिकडं जाऊन भंगार गोळा करायला लागली की काय!"

भाची जर्मनीत ब्रेमेनला शिकते. औंधात ब्रेमेन चौकाजवळ लहानाची मोठी झाली आणि गेली तीही ब्रेमेनलाच, हा विनोद आमच्याकडं सगळ्यांचा करून झालाय. पुणं आणि ब्रेमेन ही मैत्री केलेली शहरं, म्हणून चौकाला ते नाव, पण तिथं सिग्नलला अडकलेल्या माणसाला त्याचं काय.

जायच्या आधी घरात नुसती कागदपत्रं. बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवनात जर्मनचे क्लास, मग ते सर्टिफिकेट, मग हे सर्टिफिकेट, आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटात भरायचे, त्यातले महिन्याला ९९२ हातात येणार. तिच्या बाबांनी एफडी मोडली तेव्हा ते घरात कोणाशी बोलत नव्हते. तिकडं पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत ऑफिसात पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद हवा, आणि ऑफिसला जायचं तर आधी अपॉइंटमेंट. हे सगळं तिनं केलं, रडतखडत का होईना. पण ती रुळली ती यातल्या कशानं नाही असं माझं मत आहे. ती बाटल्यांनी रुळली.

तिकडं पाण्याच्या, कोकच्या प्लॅस्टिक बाटलीवर पंचवीस सेंट जास्तीचे घेतात. बाटली परत नेऊन मशीनच्या भोकात सरकवली की आत ती गोल फिरते, कडकड आवाज होतो, चिठ्ठी येते, ती काउंटरला दाखवायची. चार बाटल्यांचा एक युरो. बियरच्या काचेच्या बाटलीला मात्र आठच सेंट, हे तिला कसं माहिती ते मी विचारलं नाही, आणि आई शेजारी असताना तर नाहीच नाही. सुरुवातीला ही बया बाटल्या मस्तपैकी चेपून कचऱ्यात टाकत होती, आणि चेपलेली, लेबल फाटलेली बाटली मशीन घेत नाही. हिशोब कळल्यावर म्हणे दोन दिवस जेवण गेलं नाही. मला तर बरंच वाटलं, म्हटलं चला, आपल्या वळणावर गेली.

कारण आमच्या लहानपणी दुसरं काय होतं. उन्हाळ्यात पाहुणे आले की आई मला कापडी पिशवी देऊन कोपऱ्यावर गोल्डस्पॉट आणायला पिटाळायची. दुकानदार बाटल्यांचं डिपॉझिट घ्यायचा आणि वर "संध्याकाळच्या आत आण गं" असा दम. मग पाहुणे आरामात गप्पा मारत घोट घोट पिणार आणि मी दाराशी उभी राहून त्यांच्या बाटलीतली पातळी बघणार. एक लांबचे काका तर अर्धी बाटली पिऊन झोपले, छातीवर वर्तमानपत्र, शेजारी स्टुलावर बाटली, आणि दुकान बंद व्हायची वेळ जवळ आलेली. आई डोळ्यांनी खुणावत होती की हात लावू नकोस. शेवटी मी काय केलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण उठल्यावर त्यांना वाटलं आपणच संपवली.

पुढं प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि तो ताप गेला, सवय मात्र राहिली. माझ्याच्यानं अजून जॅमची बाटली टाकवत नाही. कॉफीच्या, मधाच्या, सॉसच्या, सगळ्या धुऊन ओट्याखाली, कधीतरी लोणचं मुरवायला लागेल म्हणून, आणि लोणचं आम्ही विकत आणतो. भाचीनंही तेच केलं. चौघांत मिळून फ्लॅट, एकच कपाट, त्यात हिच्या धुतलेल्या बरण्यांची रांग. जर्मन मुलीनं फार सभ्यपणे विचारलं की हे कशासाठी. मग ही रविवारी त्या घेऊन रस्त्यावरच्या काचेच्या कंटेनरशी गेली (पांढरी, तपकिरी, हिरवी, प्रत्येकाला वेगळं तोंड) तर वरच्या बाल्कनीतून एक आजी ओरडल्या, रविवारी काच टाकायची नसते, आवाज होतो. "मावशी, अगदी आपल्या सदाशिव पेठेत गेल्यासारखं वाटलं गं," भाची सांगत होती.

तिथं टाऊन हॉलशेजारी गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा असे एकमेकांच्या पाठीवर चढलेले उभे आहेत, १९५३ चा पुतळा. गाढवाचे पुढचे पाय धरले की इच्छा पुरी होते म्हणतात, पाय नुसते चकाकतायत. ग्रिम बंधूंच्या गोष्टीतले हे चौघं म्हातारे, कामाचे न उरलेले, मालकांना नकोसे, ब्रेमेनला जाऊन गाणंबजावणं करू म्हणून निघालेले, आणि गंमत म्हणजे ते ब्रेमेनला पोचतच नाहीत, वाटेतच एका घरात राहून जातात. भाचीनं पाय धरून काय मागितलं ते सांगत नाही. मला वाटतं घरभाडं.

आमच्या सोसायटीत कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या ताई येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची, त्यातनंच पुढं ही सहकारी संस्था झाली, २००८ ला महापालिकेशी करार केला, आणि ताई तेव्हापासूनच्या. त्यांना मी कौतुकानं बाटल्यांचं सांगितलं. मशीन, चिठ्ठी, पंचवीस सेंट म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये.

"एका बाटलीला?"

"एका."

"आणि ते पैसे तुमच्या पोरीलाच?"

"हो, बाटली तिनं विकत घेतली ना."

त्यांनी सुक्याची पिशवी हातानं दाबून बघितली. "मग तिकडं आमच्यासारख्यांना काय उरतं?"

रात्री मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, आहेत ना मावशी, स्टेशनवर म्हातारी माणसं असतात, चांगला इस्त्रीचा कोट घातलेली, टॉर्च मारून डब्यात हात घालतात. म्हणून बरेच लोक बाटली डब्यात टाकतच नाहीत, बाजूला उभी करून ठेवतात. मीही ठेवते, महिन्याच्या सुरुवातीला. शेवटी शेवटी नाही जमत.

दुसऱ्या दिवशी ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोट घालून?" आणि मग, दुधाच्या पिशव्या धुऊन देत जा, वास येतो.