नाते एकेरी ठेवावे की दुहेरी?

सोलापुरातील चादर-टॉवेलच्या कारखान्यांसाठी ऑर्डर आणि बिलांचे सॉफ्टवेअर करताना एक प्रश्न हमखास निघतो: व्यापारी आणि त्याच्या ऑर्डरी यांचे नाते कोडमध्ये एका बाजूने दाखवायचे की दोन्ही बाजूंनी? एकेरीत फक्त ऑर्डरला तिचा व्यापारी माहीत असतो; दुहेरीत व्यापाऱ्याकडेही त्याच्या ऑर्डरींची यादी असते. माझे मत स्पष्ट आहे. सुरुवात एकेरी नात्याने करावी आणि खरी गरज दिसल्याशिवाय दुसरी बाजू जोडू नये.

डेटाबेसमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही. ऑर्डरच्या टेबलात व्यापाऱ्याचा क्रमांक फॉरेन की म्हणून (दुसऱ्या टेबलातील नोंदीकडे बोट दाखवणारा रकाना) एकदाच नोंदवलेला असतो आणि तेवढ्यावरून ‘ही ऑर्डर कोणाची’ व ‘या व्यापाऱ्याच्या ऑर्डरी कोणत्या’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या, माहिती टेबलांत ठेवणाऱ्या रिलेशनल मॉडेलचे मोठे सामर्थ्य मला यातच दिसते. माहितीपर्यंत कोणत्या वाटेने जायचे, हे तिथे आधीच ठरवून ठेवावे लागत नाही. दिशेचा प्रश्न येतो तो ऑब्जेक्टमुळे, म्हणजे एकेका व्यापाऱ्याची किंवा ऑर्डरची माहिती धरणाऱ्या कोडमधील घटकांमुळे, कारण एका ऑब्जेक्टकडून दुसऱ्याकडे जायचे तर पहिल्यात दुसऱ्याचा संदर्भ ठेवावाच लागतो.

दुहेरी नात्यात एकच वस्तुस्थिती दोन ठिकाणी लिहिली जाते. जावातील हायबरनेट या ऑब्जेक्ट आणि टेबले यांची सांगड घालणाऱ्या साधनात फॉरेन कीची मालकी एकाच बाजूकडे असते आणि ‘मॅप्डबाय’ (मालकी समोरच्या बाजूकडे, अशी खूण) लिहिलेली बाजू सेव्ह करताना विचारात घेतली जात नाही. त्यामुळे व्यापाऱ्याच्या यादीत ऑर्डर घातली, पण ऑर्डरमध्ये व्यापारी नोंदवला नाही, तर स्क्रीनवर सगळे ठीक दिसते आणि टेबलात मात्र तो रकाना रिकामा राहतो. शिवाय जुन्या व्यापाऱ्याच्या नावावर हजारो ऑर्डरी साठलेल्या असतात. ती यादी सहज वाचायला गेले तरी सगळ्या ऑर्डरी मेमरीत येऊन बसतात. त्यापेक्षा तारखेची अट घालून, पानापानाने आणणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, केव्हाही बरी.

ऑर्डर आणि तिच्यातील ओळींची गोष्ट मात्र वेगळी आहे. अमुक डिझाइनच्या इतक्या चादरी, तमुक मापाचे इतके टॉवेल, अशा मोजक्याच ओळी असतात आणि ऑर्डर रद्द झाली की त्यांनाही अर्थ उरत नाही. इथे दुहेरी नाते शोभते. फक्त ओळ जोडण्याची एकच मेथड (कोडमधील फंक्शन) ठेवून तिच्यातच दोन्ही बाजू भराव्यात. याच ठिकाणी केवळ ऑर्डरकडून ओळींकडे जाणारे एकेरी नाते लिहिले आणि जॉइन कॉलम (फॉरेन कीचा रकाना कोणता, ते) दिला नाही, तर हायबरनेट तिसरे जोड-टेबल तयार करते, म्हणजे एकेरीचा आग्रह धरतानाही फॉरेन की जिथे आहे तीच बाजू निवडायला हवी.

हा सल्ला सगळीकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. अ‍ॅपलच्या कोअर डेटा या माहिती साठवण्याच्या साधनात उलटे नाते नोंदवण्याचीच शिफारस आहे, कारण एक बाजू बदलली की दुसरी ते स्वतः जुळवून घेते.

एकेरी नाते ठेवून उलट दिशेचे काम क्वेरीवर सोपवले, तर फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स (नोंदी झटपट शोधण्याची सूची) आहे ना, एवढे आवर्जून तपासावे. मायएसक्यूएल या डेटाबेसचे इनोडीबी हे साठवण-इंजिन तो आपणहून तयार करते, पोस्टग्रेस हा डेटाबेस करत नाही. तो नसेल, तर एखाद्या व्यापाऱ्याची नोंद काढून टाकतानाही ऑर्डरींचे संपूर्ण टेबल चाळले जाते.