१९१४ चा कॉन आणि नंबराजवळचं एक अक्षर

जुने सॅक्सोफोन दुरुस्त करणं आणि कुठला कोणता ते ओळखून देणं हेच माझं काम आहे, त्यामुळे "हा किती सालचा असेल हो?" हे मी सतत ऐकत असतो. त्या दिवशी आलेल्या गृहस्थांना मात्र काही विचारायचंच नव्हतं. केस टेबलावर ठेवली, कड्या उघडल्या आणि म्हणाले, कॉनचा आल्टो आहे, १९१४ चा, नंबर १११९९५४, वडिलांचा आहे, मुलीला शिकायचंय तर पॅड बदलून द्या.

कॉन ही सॅक्स बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी, आल्टो हा सॅक्सचा एक प्रकार आणि पॅड म्हणजे त्याच्या नळीवरची भोकं झाकणाऱ्या गाद्या. आता हे १९१४ प्रकरण मला नवीन नाही. जुन्या कॉनच्या पाठीवर, अंगठ्याच्या हुकाखाली, ८ डिसेंबर १९१४ अशी तारीख आणि १११९९५४ हा आकडा ठोकलेला असतो आणि ज्याच्या हातात असा सॅक्स येतो तो पहिल्यांदा तेच वाचतो. पण ते पेटंट आहे, रोल्ड टोन होलचं, टोन होल म्हणजे नळीवरची ती भोकं. साध्या सॅक्सवर टोन होलची कड सरळ कापलेली असते, कॉनने ती बाहेरच्या बाजूला गोल वळवली, बोट फिरवलं की कपाच्या काठासारखी गुळगुळीत लागते. ती तारीख पुढे कितीतरी वर्षं, लाखभर नंबर उलटून गेले तरी तशीच ठोकली जात होती. खरा सिरियल नंबर वेगळा असतो, तिथेच जवळ. यांचा साठ हजारांच्या घरातला निघाला, म्हणजे साधारण १९२० च्या आसपासचा. कलेक्टर लोक ज्याला न्यू वंडर म्हणतात त्यातला सुरुवातीचा.

मी तसं सांगितलं तर त्यांचा चेहरा थोडा पडला, सहा वर्षं कमी झाली म्हणून. मी म्हटलं अहो वाईट काही नाही यात, एल्कहार्टच्या कारखान्यातला अस्सल कॉन आहे, नाव कोरलेलं आहे म्हणून नाही तर अंगावरून कळतंय म्हणून.

हे अंगावरून कळणं म्हणजे काय ते जरा सांगतो, कारण लोक बेलवरच्या नक्षीवर फार विश्वास ठेवतात. त्या काळात कारखाने दुसऱ्यांसाठी पण सॅक्स बनवून द्यायचे, दुकानाचं किंवा भलत्याच कंपनीचं नाव कोरून, त्याला स्टेन्सिल म्हणतात. मग नाव एकाचं आणि बाप दुसराच. अशा वेळी नाव बाजूला ठेवायचं आणि धातू बघायचा. मार्टिन कंपनीच्या टोन होल नळीतून ओढून काढलेल्या नसतात, वेगळ्या बनवून झाळलेल्या असतात आणि कड उतरती असते, एकदा बघितली की विसरत नाही. बुशरचे पॅड मधल्या बटणाने टिचकन बसतात. रोल्ड होल दिसल्या की लगेच कॉन म्हणून मोकळं व्हायचं नाही, काइलवर्थनेही त्या केल्यात. आणि सेल्मर असं नाव दिसलं की पॅरिस असं धरून चालणारे तर रोज भेटतात, बंडी हा सेल्मर नावाचाच अमेरिकन विद्यार्थी मॉडेल असतो आणि लोक पॅरिसचा नावाजलेला मार्क सिक्स समजून बसतात, जो १९५४ साली आला आणि ज्याच्या जुन्या पाच आकडी नंबरांच्या मागे वाजवणारे वेडे झालेले असतात. विकणाऱ्यांचं तर काय, कुठलाही जुना कॉन दिसला की च्यू बेरी लिहून मोकळे होतात, जे खरं तर एका वाजवणाऱ्याच्या नावावरून पडलेलं कॉनच्या ठराविक मॉडेलचं टोपणनाव आहे.

तर माझ्या दृष्टीने काम सोपं होतं. पॅड, कॉर्क, दोन स्प्रिंग. खर्चाचा आकडा पण सांगून टाकला मी तोंडी. तेवढ्यात ते सहज म्हणाले की हा कधीच सुरात वाजला नाही, पण तो सॅक्सचा दोष नाही, वडिलांना कान नव्हता. वडिलांचे शिकवणारेच म्हणायचे, तुला चढलेलं कळत नाही. चारेक वर्षं पियानोबरोबर वाजवायला बघितलं आणि मग ठेवून दिला.

मी नेक, म्हणजे वरची वाकडी नळी, हातात घेतली होती आणि माझं लक्ष तिच्या टोकाच्या कॉर्ककडे गेलं, ज्यावर माउथपीस बसतो. वाजणाऱ्या सॅक्सच्या कॉर्कवर माउथपीस जिथपर्यंत जातो तिथपर्यंत कॉर्क दबून चकाकतो, मधोमध कुठेतरी एक कड पडलेली असते. इथे फक्त टोकाचं जेमतेम बोटाच्या पेराएवढं कॉर्क दबलेलं होतं, तेही कागदाची पट्टी गुंडाळून जाड केलेलं, म्हणजे माउथपीस अगदी टोकावर लटकत असणार आणि तो गळून पडू नये म्हणून कागद. बाकीचं कॉर्क कोरं. ज्याला कान नाही तो माणूस असं करत नाही. ज्याला सूर चढा ऐकू येतोय आणि माउथपीस बाहेर ओढून तो खाली आणण्याशिवाय दुसरा मार्गच नाही, तो करतो.

मग मी पॅड-बिड सोडून दिलं आणि आधी वाजेल इतपत केला, वरचे दोन गळके पॅड तात्पुरते बदलले, एक रबर बँड लावला, तासभर गेला. ते बसून होते. माउथपीस नेहमीच्या जागी बसवला आणि पियानोचा ए, जो आल्टोवर एफ शार्पच्या बोटांनी निघतो, तो वाजवला. सूर मोजणाऱ्या ट्यूनरने ए दाखवलाच नाही. त्याच्या लगेच वरचा बी फ्लॅट दाखवला आणि काटा डावीकडे, म्हणजे त्याहून थोडा खाली. म्हणजे सूर अर्ध्या सेमिटोनहून जास्त चढा, सेमिटोन म्हणजे लगतच्या दोन सुरांमधलं अंतर. माउथपीस बाहेर ओढत ओढत त्या कागदाच्या पट्टीपर्यंत आणला तेव्हा तो एक सूर जागेवर आला, पण मग वरचे, तळहाताने दाबायच्या पाम कीचे सूर पार उतरले आणि खालचा सी अजून चढाच. हे असंच होणार, कारण वरच्या सुरांना नळी थोडीच वापरली जाते, तिथे वाढवलेला सेंटिमीटर फार मोठा असतो, आणि खालच्या सुरांना तोच सेंटिमीटर किस झाड की पत्ती.

एव्हाना मला कळलं होतं पण डोळ्याने बघायचं होतं. पाठीवरचा चांदीचा मुलामा काळा पडलेला, नंबर कसाबसा वाचता येत होता, त्याच्याजवळ एक डाग असावा असं मी धरलं होतं. मऊ फडक्याने हळूच पुसलं, टॉर्च आडवा धरला, भिंग लावलं. डाग नव्हता. अक्षर होतं, एच.

एच म्हणजे हाय पिच. अमेरिकेत त्या काळी बरेच बँड ए हा सूर सेकंदाला ४५७ कंपनांच्या आसपास वाजवायचे आणि काहीजण आजच्यासारखे ४४० वर, म्हणून कारखाने दोन्ही बनवायचे आणि एल (लो पिच) किंवा एच ठोकायचे. ४५७ आणि ४४० मधला फरक जवळजवळ दोन तृतीयांश सेमिटोन. पुढे सगळे ४४० वर आले आणि हे एचवाले अनाथ झाले. दिसायला सेम टू सेम, तीच नक्षी, त्याच की, तेच रोल्ड होल.

माझ्याकडे त्याच सुमाराचा एल आल्टो आहे, तो काढला आणि दोघांना टेबलावर शेजारी झोपवलं, खालचे बो, म्हणजे तळाची वळणं, एका रेषेत. वर नेकच्या सॉकेटजवळ त्यांचा साधारण दोन बोटं कमी भरला. आणि नुसता वरून कापल्यासारखा कमी नाही, प्रत्येक टोन होल आपल्या जोडीदारापासून थोडी थोडी सरकलेली, खालून वर जाल तसा फरक वाढत जाणारा. त्यांनी स्वतः बोट ठेवून एकेक जोडी बघितली. मग विचारलं, लांब नेक बनवून जमेल का? नाही जमत. भोकं सरकवता येत नाहीत, आणि नुसती नेक लांबवणं म्हणजे त्यांचे वडील जे करत होते तेच.

मी माझा मघाचा खर्चाचा आकडा मागे घेतला. मुलीला पियानोबरोबर, इतरांबरोबर शिकायचंय तर या सॅक्सवर पैसे घालू नका, स्पष्ट सांगितलं. पॅड नवे घालून मी तिलाही तेच ऐकवायला लावलं असतं जे तिच्या आजोबांना ऐकावं लागलं, आणि मी जवळजवळ तसं करणारच होतो, हे मला आजही लागतं.

वडील आहेत अजून. त्या गृहस्थांनी तिथूनच त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी म्हटलं काका, सॅक्स वेगळ्या पिचचा आहे, आजच्या पियानोशी तो कधीच जुळणार नव्हता, कोणाकडूनच. तिकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, वाजवून दाखवा. मी कागदाची पट्टी काढली, माउथपीस पूर्ण आत ढकलला आणि ट्यूनर बंद करून स्केल वाजवलं. एकट्यात, आपापसात, तो सॅक्स सुरात आहे. शंभर वर्षांचा कॉन जसा भरून वाजतो तसाच वाजला, दोन सूर गळके सोडले तर.

"माउथपीस कुठे आहे आत्ता?"

"पूर्ण आत, काका."

थोडं थांबून ते म्हणाले, "खालचा सी वाजवा बरं. तो नेहमी चढायचा."

वाजवला. त्यांनी परत वाजवायला सांगितला, परत वाजवला.