उशीलाही कान असतात

भाचीने नवं घर घेतलं, म्हणून रविवारी तिच्याकडे जेवायला गेले होते. अळूचं फदफदं, मठ्ठा, जिलबी. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, आत जाऊन जरा आडवी हो." मी आत गेले आणि दारातच थबकले. पलंगावर आधीच गर्दी होती.

मोजल्या. नऊ. मागे भिंतीला टेकून तीन मोठ्या चौकोनी, त्यांच्यापुढे झोपायच्या दोन, त्यांच्यापुढे पिवळ्या तीन लहान आणि सगळ्यात पुढे तान्ह्या बाळाएवढा एक लोड. पायथ्याशी विणलेली एक पट्टी आडवी टाकलेली. पांघरायची म्हटली तर फार तर गुडघे झाकतील.

"यांतली माझी कुठली?"

"थांब, उतरवते. त्या शोच्या आहेत."

मागच्या-पुढच्या क्रमाने तिने त्या वेताच्या टोपलीत भरल्या. रोज सकाळी मांडायच्या, रोज रात्री उतरवायच्या. मी विचारलं म्हणून तिने मला कृतीही दाखवली: कुशन दोन्ही बाजूंनी थोपटून फुगवायचं आणि वरच्या कडेवर मधोमध हाताची धार हाणायची, खच्चकन. मध्ये खाच पडते आणि दोन्ही टोकांना कान उभे राहतात. "असं केलं की भारी दिसतं." शिवाय संख्या विषम हवी म्हणे. आहेराच्या पाकिटासारखी.

आमच्या लहानपणी कान फक्त भिंतींना असायचे.

आजोळ संगमेश्वराकडचं. तिथे उशा झाडाला लागायच्या. परसामागच्या काटेसावरीला शिमग्याच्या सुमारास लालभडक फुलं, मग बोंडं, आणि एप्रिल-मेमध्ये ती तडकली की अंगणभर कापूस. तडकण्याआधी बोंडं पाडायचं काम मामाचं. ती सुकवून, उकलून, आतल्या मिऱ्याएवढ्या काळ्या बिया वेचायचं काम आम्हा पोरांचं. तंतू इतका आखूड आणि गुळगुळीत की त्याचं सूत निघत नाही, म्हणून तो जायचा उशीत. त्याहून जास्त आमच्या नाकात. माजघरात आम्ही सात-आठजण शिंकतोय आणि आजी स्वयंपाकघरातून ओरडतेय, "पंखा लावू नका रे मेल्यांनो!" तिच्या आवाजाआधीच कुणीतरी पंखा लावलेला असायचा.

एवढं करून सावरीच्या उशा मिळायच्या आजोबांना आणि माहेरपणाला आलेल्या मावश्यांना. आमच्या वाट्याला साध्या कापसाच्या. पिंजारी येऊन गेल्याला वर्षं लोटलेली, त्यामुळे आत गुठळ्या. तरी त्यांच्यावरूनही भांडणं. सातारच्या आणि कोल्हापूरच्या गादीचा तंटा दोघा चुलतभावांनी १७३१ साली वारणेच्या तहाने मिटवला. आम्हा मावस-मामे भावंडांत तेवढा पोच नव्हता. शेवटी आजी कंदील घेऊन यायची आणि एकेकाचं डोकं उचलून त्याखाली उशी सारायची. कुणी उशीवर बसलेलं सापडलं तर, "ऊठ आधी, गळू होईल!" हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की आजही उशीवर कुणी टेकलं की मी त्याच्याकडे काळजीने बघते. कुशनवर बसलेलं चालतं का, हे मात्र मला ठरवता आलेलं नाही. गळवाला तो फरक कळत असेल का?

आजीची स्वतःची उशी वेगळीच होती. तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. अभ्र्यावर धाकट्या मावशीने लग्नाआधी निळ्या रेशमाने 'गुड नाईट' भरलं होतं. भरताना एक 'ओ' गळला आणि ते 'गॉड नाईट' झालं. आजीला इंग्रजी येत नव्हतं, आणि कुणी तिला सांगितलंही नाही. त्या अभ्र्यात तिचा सगळा संसार असायचा. कपाटाची किल्ली, बामची बाटली, रुमालाच्या गाठीत बांधलेल्या नोटा, मुंबईच्या मामाचं शेवटचं आलेलं पत्र. अंधारात नुसता हात घालून ती हवं ते बरोब्बर बाहेर काढायची. बर्फाच्या गोळ्याला पैसे तिथूनच मिळायचे, बामचा वास लागलेले. रात्री डोक्याला ते टोचत कसं नसेल? विचारायचं राहूनच गेलं.

भाचीला हसण्याइतकं माझं तोंड मोठं नाही, हेही सांगून टाकते. आमच्या दोन खोल्यांच्या घरात सकाळी सगळ्या गाद्यांची चळत कोपऱ्यातल्या लोखंडी खाटेवर लागायची. वर सोलापुरी चादर. तिची नक्षी दर्शनी बाजूला यायला हवी आणि दोन्हीकडचा काठ सारखा लोंबायला हवा. एक बोट इकडेतिकडे झालं की आई ती ओढून काढायची आणि पुन्हा घालायची. कुणासाठी, कोण जाणे. आमच्याकडे यायचा तो दूधवाला, आणि तोही दारातूनच जायचा.

तर, त्या दुपारी मी आडवी झाले. भाचीने झोपायची एक उशी ठेवली होती, आणि टोपलीत न मावलेलं एक पिवळं कुशन. उशी उलटून गार बाजू वर घेतली. चष्मा काढला. उशाशी टेबल होतं, पण त्यावर एक मेणबत्ती, एक शंख आणि वाचायची नसलेली तीन पुस्तकं अशी आरास होती. तिला धक्का लावायचं धाडस होईना. मग पाच वाजता उठले, चहा घेतला, रिक्षाने घरी आले.

सात वाजता तिचा फोटो आला. पलंग पुन्हा सजलेला, नऊच्या नऊ हजर. खाली काहीतरी लिहिलं होतं. फोन हातभर लांब धरून, डोळे बारीक करून मी ते कसंबसं वाचलं.

"मावशी, एका पिवळ्या कुशनला कान काढताना आतून कट्कन आवाज आला. काय ठेवलं होतंस गं?"