कागद संपला, रांग संपेना

खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या चर्चमध्ये रविवारची मराठी मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना होती. कीबोर्डवर माझा विद्यार्थी, ट्रिनिटी या लंडनच्या संगीत परीक्षेची सहावी ग्रेड झालेला. शेजारी पेटीवर गावातलेच एक काका. त्यांना नोटेशन वाचता येत नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही.

पहिला घोळ प्रवेशगीताला झाला. कागदावर गीत ई फ्लॅटमध्ये, म्हणजे काळी दोन. सकाळी आठला गळे तापलेले नसतात, त्यामुळे बायकांनी काळी एक धरली. मुलाने कीबोर्डचं ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी बदलायचं बटण, उणे दोन केलं, दोन अर्धस्वर खाली. बोटं ई फ्लॅटची, आवाज सी शार्पचा. इथवर ठीक. दुसऱ्या कडव्यात करंट गेला. पेटी चालूच. करंट आल्यावर मुलाने त्याच जागी बोटं ठेवली, तर कॉर्ड अख्खा एक स्वर वर वाजली! बहुतेक साध्या कीबोर्डांवर बंद-चालू झालं की ट्रान्सपोज शून्यावर येतं. अशा वेळी आधी व्हॉल्यूम खाली, मग उणे दोन, मग डाव्या हाताने एकटा सा हळूच लावून पेटीशी जुळतोय का ऐकायचं. शिरायचं ते पुढच्या ओळीच्या तोंडाशीच.

खरी परीक्षा कम्युनियनला, म्हणजे लोक रांगेने पवित्र भाकर घ्यायला वेदीशी येतात तेव्हा. गीत सी मेजरमधलं, सोळा बारांची तीन कडवी, बार म्हणजे चार ठोक्यांचा एक घर. मिनिटाला ७२ ठोक्यांच्या गतीने एक कडवं ५३ सेकंदांचं, म्हणजे सगळं मिळून दोन मिनिटं चाळीस सेकंद. रांग सात मिनिटांची. शेवटच्या बारला मुलाने रीतसर वेग उतरवला, कॉर्ड धरली, पेडल सोडलं आणि हात मांडीवर घेतले. चर्चमध्ये नुसता पावलांचा आवाज.

मी बाकावर सरकून हात घातला. पियानोच्या तालमीत शेवट कुठे ते कागद सांगतो, इथे वेदीवरून कळतं. म्हणून दर चार बारांना थांबायची सोय हवी आणि न थांबायचीही. शेवटाकडे नेणाऱ्या जी सेव्हन कॉर्डवरून घरच्या सीला न येता ए मायनरवर वळलं की गाणं संपल्यासारखं वाटत नाही. तिथून एफ, जी सेव्हन, पुन्हा फेरी. उजव्या हातात चालीची शेवटची ओळ, तीही एक सप्तक खाली. नवी सुरावट सुचली तरी गिळायची. लोक प्रार्थनेत असतात. फादर प्याला पुसायला लागले की शेवटची फेरी: एफवरून सी, ‘आमेन’ला वाजतात त्याच दोन कॉर्ड.

स्वर लांबवणारं पेडल मात्र त्याने घरच्यासारखंच दाबलं होतं. दगडी भिंतीत आवाज आधीच रेंगाळतो, त्यात डाव्या हाताचे खालचे ऑक्टेव्ह, मग शब्द कुठले कळणार! शिवाय ओळ संपली की लोक श्वास घेतात. तिथे हात उचलला नाही तर वाजवणारा पुढे आणि चर्च मागे.

क्लासिकलवाल्यांना हे परकं असायचं काही कारण नाही. जर्मन संगीतकार बाखने १७४७ मध्ये पॉट्सडॅमला राजाने दिलेल्या सुरावटीवर तिथल्या तिथे फ्यूग, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक आवाजांत फिरवणारी रचना, वाजवला होता. ट्रिनिटीच्या सहाव्या ग्रेडलाही ऑरल (ऐकून उत्तरं देणं) किंवा इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी रचून वाजवणं) यांतलं एक निवडता येतं. माझी मुलं ऑरल निवडतात, हा दोष माझाच.

पुढच्या रविवारी त्याच्या स्टँडवर चालीची एकच ओळ आणि तिच्याखाली १, ४, ५, ६ असे कॉर्डचे आकडे ठेवले, सी मेजरमध्ये सी, एफ, जी आणि ए मायनर. स्टँडही अर्धी वीत खाली घेतला, वेदी दिसावी म्हणून.