‘बेणं’ ही शिवी नाही, हे पटवायला मला साडेचार महिने लागले

गाणं रेडिओवर लागलं. पूर्ण लागलं, एकही शब्द न कापता लागलं. पण ते जुलैत लागायला हवं होतं आणि लागलं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, हा राग अजून गेलेला नाही. आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या उसाच्या लागणीसाठी लिहिलेलं गाणं. ते वाजलं तेव्हा आमच्या पलूसच्या शिवारात आडसालीचा ऊस कमरेला लागला होता.

गाणं माझं, चाल चुलत्यांची, आवाज धाकट्या भावाचा. सांगलीत दोन दिवसांत रेकॉर्डिंग उरकलं. हक्काचं पत्र, करारावर सह्या, फाइल पाठवणं यात काहीच अडलं नाही. अडलं ते धृपदात.

बेणं निवड रं दादा, बेणं निवड
डोळा फुगीर बघून बेणं निवड

सांगली-साताऱ्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. ऊस बी पेरून येत नाही, कांड्या लावून येतो. लावायच्या त्या उसाला बेणं म्हणतात. नऊ ते अकरा महिन्यांचा, निरोगी, डोळे (कोंब फुटायची जागा) फुगीर आणि ताजे असलेला ऊस बेण्याला घ्यायचा, खोडवा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटून आलेला ऊस, घ्यायचा नाही. हळदीचं बेणं असतं, आल्याचं बेणं असतं. आणि हेही खरं की आमच्याकडे एखाद्याला वैतागून “लई बेणं हाय ते” म्हणतात. तो दुसरा अर्थ मी नाकारत नाही. पण माझ्या गाण्यात तो कुठे आहे?

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका खासगी एफएमच्या सांगलीतल्या ऑफिसात गाणं दिलं. अर्जात एक रकाना होता, ‘आक्षेपार्ह शब्द : होय / नाही’. मी ‘नाही’वर खूण केली आणि घरी आलो. वीस दिवसांनी फोन आला. “सर, मुंबईहून गाणं परत आलंय. तीन ठिकाणी शिवी आहे म्हणतात.” मी गाणं मनात दोनदा म्हणून बघितलं, मला शिवी सापडेना. मग त्यांनीच सांगितलं. नको असलेल्या शब्दांची त्यांच्याकडे एक यादी होती आणि त्या यादीत ‘बेणं’ होतं.

मी म्हटलं, अर्थ बघा. तर उत्तर आलं, यादी आमच्या हातात नाही. मुंबईला मेल केला, उत्तर नाही. दुसरा केला, तर उत्तर आलं की ‘बेणं’च्या जागी ‘बियाणं’ घाला. बियाणं सोयाबीनचं असतं, ज्वारीचं असतं. ‘उसाचं बियाणं’ म्हणणाऱ्याने ऊस लावलेला नाही, हे पहिल्या ओळीतच कळतं. शिवाय ‘बेणं’ दोन अक्षरी आणि ‘बियाणं’ तीन अक्षरी. चुलत्यांनी म्हणून बघितलं, ठेका लंगडा पडला. मी नकार कळवला.

यात जुलै गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी मला न विचारता तिन्ही ठिकाणी बीप टाकून गाणं एकदा वाजवलं. मला कळलं ते कडेगावच्या मावशीच्या फोनवरून. “आरं बाळा, एवढं वंगाळ काय लिव्हलंस त्यात? सूनबाई बाजूला बसली हुती.” मावशीला मी शब्द सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “आन् ते झाकलं कशापायी?” त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. ‘निवड रं दादा’च्या आधी तो कर्कश आवाज आला की ऐकणारा मनात आपल्याला येणारी सगळ्यात घाण शिवी तिथे ठेवतो. न लिहिलेली शिवी माझ्या नावावर लागली होती, आणि ती गावोगाव ऐकली गेली होती.

आता एक सांगतो, जे मी आधीच करायला हवं होतं. स्टुडिओतून निघताना गळ्याचा ट्रॅक वेगळा आणि वाद्यांचा वेगळा मागून घ्या. माझ्याकडे फक्त एकत्र केलेली फाइल होती. त्यामुळे बीप आला की ढोलकीही त्याखाली गेली आणि सम हरवली. शब्द काढावाच लागला तर निदान वाद्यं चालू राहतील.

मी सगळ्याच काटछाटीच्या विरोधात नाही. याच गाण्याच्या पहिल्या खर्ड्यात एक जुना वाक्प्रचार होता, त्यात एका जातीचं नाव तुच्छतेने येत होतं. भाऊ म्हणाला, दादा, हे मी गाणार नाही. मी जागच्या जागी ओळ खोडली. 2007 मध्ये ‘आजा नचले’च्या शीर्षकगीतात मोची आणि सोनार यांच्यावरची एक ओळ होती. उत्तर प्रदेश सरकारने चित्रपटावर बंदी घातली, निर्मात्यांनी माफी मागून ओळ काढली. ओळ काढली ते योग्यच झालं, कारण ती माणसाला लागत होती. उसाची कांडी कुणाला लागते?

त्या दिवसांत रात्री मोबाइलवर शोधत बसायचो. कॅनडात 2011 मध्ये एका श्रोत्याच्या तक्रारीवरून ‘मनी फॉर नथिंग’ या 1985 च्या गाण्यातला एक अपशब्द रेडिओवर चालणार नाही, असा निर्णय तिथल्या प्रसारण मानक परिषदेने दिला. त्याच वर्षी फेरविचार झाला. तो शब्द गाण्यात कुठल्या संदर्भात येतो हे पाहून, वाजवायचं की नाही ते ज्या त्या केंद्राने ठरवावं, असं परिषदेने सांगितलं. तिथला शब्द तर खरोखर अपमानाचा होता. तरी संदर्भ पाहिला गेला.

दुसरी गोष्ट जास्त कामाची निघाली. खासगी एफएमना परवान्याच्या अटीत आकाशवाणीचीच कार्यक्रम संहिता पाळावी लागते. आणि आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमांत बेणे निवड, बेणे प्रक्रिया हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय. हे सगळं एका पानावर लिहिलं. सोबत साखर कारखान्याचं ‘बेणे मळा’ असं ठळक छापलेलं पत्रक जोडलं, कृषी सहाय्यकांकडून शब्दाचा अर्थ लिहून सही-शिक्का घेतला.

सप्टेंबरच्या अखेरीस ऑफिसात गेलो तेव्हा पिशवीत को 86032 या वाणाच्या उसाची दोन डोळ्यांची एक टिपरी, म्हणजे कापलेली कांडीही नेली होती. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ती ठेवली. कापलेल्या तोंडाला अजून ओल होती, डोळा करंगळीच्या टोकाएवढा फुगलेला. म्हटलं, “मॅडम, हे बेणं.” तिथल्या मॅडम विदर्भातल्या. त्यांनी हा शब्द सांगलीत आल्यापासून फक्त चिडून बोलतानाच ऐकला होता. टिपरी हातात घेतली, डोळ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “कोंब इथून येतो?” मग पत्रक आणि टिपरी शेजारी ठेवून फोटो काढला आणि माझ्या समोरच मुंबईला पाठवला. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी गाणं ऐकलं.

तरी तीन आठवडे गेलेच. मग दोन ओळींचा मेल आला, मूळ गाणं वाजवायला हरकत नाही. सकाळी साडेसहाला लागलं. पूर्वहंगामी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागण चालू होती, भाऊ सरीत होता, मी बांधावर. मावशीला आदल्या रात्रीच फोन करून ठेवला होता. ती म्हणाली, सूनबाईला मुद्दाम शेजारी बसवून ऐकवलं.

तुमच्या गाण्यात असा शब्द असेल तर रकान्यात नुसती ‘नाही’वर खूण करून उठू नका. शब्द, अर्थ, ओळ आणि एखादा छापील पुरावा पहिल्याच दिवशी जोडा, पोच घ्या, पोचेवर तारीख बघा. आणि फोनवर झालेलं बोलणं त्याच संध्याकाळी मेलने लिहून पाठवा. माझे जूनचे सगळे फोन वाया गेले, कारण लेखी काहीच नव्हतं.

पुढचं गाणं मोटेवरचं आहे. त्यात ‘नाडा’, म्हणजे मोट ओढायचा दोर, चार वेळा येतो. त्याचा अर्थ आणि जुन्या विहिरीवरच्या मोटेचा फोटो मी आत्ताच पाकिटात घालून ठेवलाय.