तुम्ही विचारलंत म्हणून : एक्सके १२० की ३५६?

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कुणी ना कुणी मला गाठून विचारतेच, की जॅग्वार एक्सके १२० आणि पोर्शे ३५६ यांपैकी सरस कोणती? मी काही बोलण्याआधीच पुढचे वाक्य येते : ‘जॅग्वार आता टाटांची, तेव्हा मराठी माणसाचा कौल ठरलेलाच.’ हे ऐकून मला खरोखर वाईट वाटते. टाटा मोटर्सने जॅग्वार २००८ साली घेतली. एक्सके १२० लंडनच्या प्रदर्शनात आली ती १९४८ साली.

माझा कल जॅग्वारकडे आहे, हे मी नाकारत नाही. पण तो तिच्या इंजिनामुळे. ३.४ लिटरचे, सहा सिलिंडरांचे, १६० अश्वशक्तीचे ते इंजिन घेऊन ही गाडी १९४९ साली बेल्जियममधल्या याब्बेकेच्या सरळ रस्त्यावर ताशी २१३ किलोमीटरच्या आसपास धावली. त्या काळात पोर्शेच्या ११०० सीसीच्या इंजिनाची ताकद ४० अश्वशक्ती होती. तरुणपणी मी वाद इथेच संपवत असे.

पुढे ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉकनरच्या घाटातून मी माझी एक्सके १२० हायलिगेनब्लुटच्या दिशेने उतरवत होतो आणि पत्नी शेजारी बसली होती. पुढे एका स्नेह्यांची ३५६ होती. वळणामागून वळणे येत गेली, तसे ब्रेकचे पेडल दर खेपेला थोडे अधिक खोल जाऊ लागले. ड्रम तापून प्रसरण पावले होते, लायनर जळल्याचा उग्र वास येत होता, आणि पाय पूर्ण ताकदीने रोवूनही १३०० किलोची गाडी म्हणावी तशी आवरेना. तिचा गिअरबॉक्स घाई सोसत नाही. दोनदा क्लच दाबून, मध्ये इंजिनाचा वेग वाढवून, दुसरा गिअर पडेपर्यंत पुढचे वळण अंगावर आले होते. गाडी दगडी कठड्यापासून हातभर अंतरावरून वळली. पत्नी काहीच बोलली नाही. मात्र त्यानंतर ती त्या गाडीत बसलेली नाही.

पुढची ३५६ शांतपणे उतरत गेली. ब्रेक तिचेही ड्रमचेच, पण वजन जेमतेम ८०० किलो. पहिल्या ३५६ गाड्या याच कॅरिंथिया प्रांतातल्या ग्म्युंड गावी हाताने घडवल्या गेल्या होत्या, हे मला त्या घाटात प्रकर्षाने आठवले.

म्हणून पोर्शे सरस, असे मी म्हणणार नाही. भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर तिच्या स्विंग अ‍ॅक्सलमुळे, म्हणजे मधल्या सांध्यांवर वरखाली झुलणाऱ्या मागच्या आसामुळे, मागची चाके आत दुमडतात आणि मागे बसवलेल्या इंजिनाच्या भाराने शेपूट बाहेर जाते. जॅग्वार वळणाआधी विचार करायला लावते. पोर्शे वळणात शिरल्यावर तो बदलू देत नाही. शर्यतीतले यश विचाराल, तर १९५१ साली फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एक्सके १२० सी, म्हणजे जॅग्वारची शर्यतीसाठी घडवलेली आवृत्ती, पहिली आली आणि ३५६ ने ११०० सीसीचा गट जिंकला.

डिस्क ब्रेक बसवून घ्या, असे स्नेही सुचवतात. बसवले तर मी तुलना करतो ती गाडी उरणार नाही. न बसवता शेजारी कुणाला बसवणेही मला योग्य वाटत नाही. दोन्ही मला सारखेच पटते, त्यामुळे ते ब्रेक अजून मागवलेले नाहीत.