उदयशंकरांचा पडदा

मंगळवार

काल रात्री ‘कल्पना’ सिनेमा पुन्हा बघितला. उदयशंकरांचा, १९४८ सालचा. आज दिवसभर माझ्या भरतनाट्यमच्या क्लासमध्ये तोंडाने ‘तैया तै’ चालू होतं आणि डोळ्यांपुढे ते कृष्णधवल देह हलत होते. आता लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही.

उदयशंकरांचं चरित्र नेहमी तीन भागांत सांगतात. आधी युरोप-अमेरिका गाजवणारे नर्तक, मग अल्मोड्याच्या नृत्यकेंद्रातले शिक्षक, मग सिनेमाच्या नादाला लागून पैसा घालवून बसलेले दिग्दर्शक. तिसऱ्या भागापाशी सांगणाऱ्याच्या आवाजात कीव येते. मला ही मांडणी पटत नाही. तिन्ही भागांत मला एकच माणूस दिसतो, आणि तो चित्रकार आहे.

जन्म १९०० चा, उदयपूरचा. लहानपणी आजोळी, नसरतपूरला, मातादीन नावाच्या चर्मकार समाजातल्या एका नर्तकाचा नाच ते भान हरपून बघायचे. १९१८ मध्ये मुंबईला आले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला. गांधर्व महाविद्यालयातही काही काळ गेले. दोन वर्षांनी लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट. तिथल्या विल्यम रोथेनस्टाइन यांनी त्यांना ब्रिटिश म्युझियममधल्या भारतीय शिल्पांकडे वळवलं. पुढे रशियन बॅले-नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हाची गाठ पडली आणि १९२३ साली तिच्यासाठी ‘राधा-कृष्ण’ आणि ‘हिंदू विवाह’ ही दोन नृत्यं त्यांनी बसवून दिली. पहिल्यात ती राधा आणि हे कृष्ण.

तोवर गुरूसमोर बसून घेतलेली तालीम कुठलीच नव्हती. आमच्या क्षेत्रातली मोठी माणसं अजूनही यावर बोट ठेवतात, ‘यांची तालीम कुठे झाली?’ म्हणतात. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. बालपणापासून अडवू, म्हणजे नाचाचे मूळ पदन्यास, घोटून घोटून जो पाय तयार होतो तो दुसऱ्या वाटेने येत नाही, हे मी रोज डोळ्यांनी बघते. उदयशंकरांनाही ते कळत होतं. नावारूपाला आल्यावर ते कथकळीच्या शंकरन नंबुद्रींचे शिष्य झाले, आणि अल्मोड्याला त्यांनी हरेक शैलीचे आपापल्या परंपरेतले गुरू आणून बसवले.

पण तालमीच्या आधी त्यांना जे मिळालं होतं ते आम्हा बहुतेकांकडे नसतं. आम्ही नाच आतून शिकतो. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसल्यावर, मांड्या भरून आल्या की बैठक नीट आहे हे कळतं, आरशाची गरज लागत नाही. त्यांनी नाच आधी बाहेरून बघितला. मातादीनचा बघितला, दगडातल्या मूर्तींचा बघितला. वाकलेल्या कमरेची रेषा कुठे जाते, दोन देहांच्या मधली रिकामी जागा कशी दिसते, प्रकाश खांद्यावर पडला तर हात किती लांब वाटतो, हे सगळं चित्रकाराचं शहाणपण. खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत लाटेसारखी सरकत जाणारी त्यांच्या हाताची ती हालचाल ज्यांनी फितीवर बघितली असेल त्यांना मी काय म्हणते ते चटकन कळेल. तिथे हात मुद्रा करून थांबत नाही. तो हवेत रेषा काढत जातो आणि आपली नजर त्या रेषेमागून फिरते.

बुधवार, उशिरा

अल्मोड्याबद्दल.

१९३८ मध्ये त्यांनी हिमालयाच्या कुशीत ‘उदयशंकर इंडिया कल्चर सेंटर’चा घाट घातला. इंग्लंडमधल्या डार्टिंग्टन हॉलच्या एल्महर्स्ट दांपत्याची त्यात मोठी मदत होती. भरतनाट्यमला कंदप्पा पिळ्ळै, कथकळीला शंकरन नंबुद्री, मणिपुरीला अमोबी सिंग, संगीताला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. एका टेकडीवर इतकी माणसं एकत्र आली होती, यावर आजही विश्वास बसत नाही. जर्मनीत ड्रेस्डेनला नर्तकी मेरी विगमनच्या शाळेत शिकून आलेल्या झोहरा (पुढच्या झोहरा सेहगल) तिथे शिकवायच्या. पाच वर्षांचा अभ्यासक्रम आखण्याचं काम त्यांनी केलं होतं.

मला सगळ्यात ओढ वाटते ती या तासांच्या पलीकडे उदयशंकर स्वतः जो वर्ग घ्यायचे त्याची. त्यात कुठल्याच शैलीचं काही शिकवत नसत. चालायला सांगत, बघायला सांगत. एखादं ओझं उचलणारा माणूस कसा उचलतो, त्याचा श्वास कुठे अडतो, ते बघून या आणि अंगात आणा. मग त्यातलं नको ते काढून टाका. मुद्रा, ताल, बोल यांतलं काहीही हाताशी नसताना देहाने बोलायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे किती अवघड जात असेल! माझ्या विशारदच्या मुलींना मी एकदा नुसतं खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवा म्हटलं, तर त्या गोंधळून एकमेकींकडे बघायला लागल्या. वर्णम् सारखी लांबलचक, अवघड रचना निभावून नेणाऱ्या मुली त्या.

आणि तिथेच पहिला पडदा आला. अल्मोड्याला त्यांनी रामलीला केली ती छायानाट्याची. मोठा पांढरा पडदा, मागून प्रकाश, उघड्यावर बसलेले डोंगरातले लोक. छायेत चेहरा नसतो, त्यामुळे अभिनयाची सगळी भिस्त बाह्यरेषेवर. हात अंगापासून सुटा ठेवला नाही तर तो छायेत दिसतच नाही. प्रकाशाजवळ सरकलं की आकृती राक्षसाएवढी, पडद्याला खेटलं की माणसाएवढी. ज्यांना चित्र आणि देह दोन्ही कळतात त्यांनाच हे सुचणार. सिनेमाची तालीम त्यांनी इथेच घेतली असं मला ठाम वाटतं. कॅमेरा नंतर आला, चौकट आधीच आली होती.

केंद्र काही वर्षांतच बंद पडलं. महायुद्ध, पैशाची ओढाताण, अंतर्गत कुरबुरी, सगळंच. आपल्या पुण्यात रोहिणीताई भाट्यांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या नृत्यभारतीतून पिढ्यांमागून पिढ्या कथक शिकून बाहेर पडल्या, तशी लांब उमर अल्मोड्याला लाभली नाही. पण विद्यार्थी बघा. शांती बर्धन मुंबईत ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेच्या पथकात आले आणि त्यांनी लिटल बॅले ट्रूप उभा केला. माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी हलतात ते ‘रामायण’ त्यांचं. सचिन शंकर यांनीही बॅलेसाठी मुंबईच गाठली. नरेंद्र शर्मांनी दिल्लीत शाळेतल्या मुलांना नाच शिकवण्यात आयुष्य घातलं. आणि एक कोवळा मुलगा गुरुदत्त पदुकोण. तो १९४४ मध्ये इथे प्रभातमध्ये आला आणि ‘हम एक हैं’ची नृत्यं त्याने बसवली. प्रभातच्या त्या आवारावरून मी रोज स्कूटरने जाते. गुरुदत्तच्या सिनेमात कॅमेरा माणसाभोवती ज्या समजुतीने फिरतो, प्रकाशाचा झोत ज्या धिटाईने येतो, त्याचं मूळ शोधायचं तर अल्मोड्याच्या त्या पडद्यापर्यंत जावं लागेल असं मला वाटतं.

शुक्रवार

आता सिनेमा. कालच लिहिणार होते, पण परीक्षेचे फॉर्म भरण्यात सगळा वेळ गेला.

केंद्र मिटल्यावर उदयशंकर मद्रासला गेले, जेमिनी स्टुडिओत. वय पंचेचाळिशीच्या आसपास. नर्तकासाठी ही अवघड वेळ. देह अजून ऐकतो, पण किती दिवस ऐकेल ते माहीत नसतं. त्यांनी काही वर्षं खपून ‘कल्पना’ केला. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, नायक तेच. नायिकांपैकी एक अमला, त्यांची पत्नी. संगीत विष्णुदास शिराळींचं. शिराळी विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. आमच्या मुलींच्या परीक्षा घेणारं गांधर्व महाविद्यालय मंडळही पलुस्करांच्याच शिष्यांनी उभारलेलं. नाचाच्या सिनेमात ताल आणि कॅमेऱ्याची हालचाल इतकी एकजीव का वाटते याचं अर्धं उत्तर शिराळींच्या त्या ठेक्यांत आहे, आणि त्यांचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं.

गोष्ट अशी: एक लेखक चित्रपट-निर्मात्याला आपली कथा ऐकवतो आहे. कथेतला उदयन नावाचा नर्तक डोंगरात कलाकेंद्र काढायचं स्वप्न बघतो, धडपडतो, उभारतो. निर्मात्याला त्यात गल्ला दिसत नाही आणि तो लेखकाला वाटेला लावतो. बंद पडलेलं केंद्र त्यांनी असं फितीवर पुन्हा बांधलं. म्हणून मला ‘शिक्षक असताना ते सिनेमाकडे वळले’ हे वाक्यच चुकीचं वाटतं. इमारत हातातून गेली तेव्हा त्यांनी शाळा सिनेमात हलवली. अनेक प्रांतांचे नाच, देशातल्या शिक्षणावरचे, पैशाच्या हव्यासावरचे, प्रांताप्रांतांतल्या भांडणांवरचे प्रसंग, सगळं त्यात कोंबलेलं आहे. कोंबलेलंच आहे, हे मी प्रेमानेच म्हणते. कथा अनेकदा तुटते, प्रेमाचा त्रिकोण कच्चा आहे, संवाद व्याख्यानासारखे होतात. ज्याला एकदाच बोलायची संधी मिळणार आहे असा माणूस असंच बोलतो.

पण यंत्रांचा प्रसंग बघावा. कामगारांचे देह हळूहळू यंत्राचे भाग होत जातात. एकाचा कोपर दट्ट्यासारखा आत-बाहेर होतो, दुसऱ्याची मान ठोक्यागणिक तेवढीच वळते, आणि मागे भिंतीवर त्यांच्या सावल्या कितीतरी मोठ्या होऊन तीच हालचाल करत असतात. हा विषय त्यांनी आधी रंगमंचावर ‘लेबर अँड मशिनरी’ म्हणून केला होता. रंगमंचावर प्रेक्षक एकाच जागी बसून सगळा जमाव बघतो. इथे कॅमेरा खाली उतरतो, तिरका होतो, एका हातापाशी जातो आणि तोडून दुसऱ्या हातापाशी. दोन हात दोन माणसांचे, पण ठेका न तुटल्यामुळे एकच हालचाल पुढे सरकते. इथे माझे डोळे उघडले. संकलन हा नृत्यरचनेचाच भाग आहे, आणि ते ज्याला पायाचा ताल कळतो त्याच्या हाती असलं तर काय होतं ते या चार-दोन मिनिटांत दिसतं.

सिनेमा चालला नाही. लोक तिथेच थांबतात. मला वाटतं एवढ्यावर थांबणं अन्याय आहे. सत्यजित राय यांनी भरतनाट्यमच्या थोर नर्तकी बालसरस्वतींवर माहितीपट केला तो १९७६ मध्ये, तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या. त्यांच्या ऐन भरातल्या नाचाच्या मुख्यतः लोकांनी सांगितलेल्या आठवणीच उरल्या. किती थोर नर्तक-नर्तकी एक मीटरही फीत मागे न ठेवता गेल्या. उदयशंकर, अमला आणि त्या सगळ्या चमूचे देह आज आपल्याला दिसतात ते या न चाललेल्या सिनेमामुळे. आणि तोही जवळजवळ गेलाच होता. आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलेल्या प्रतींवरून अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशनने त्याचा जीर्णोद्धार करून घेतला आणि २०१२ मध्ये कान महोत्सवात तो दाखवला गेला. अमलाजी तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या, तरी जातीने तिथे हजर होत्या. उदयशंकर १९७७ मध्ये गेले. त्यानंतरही त्या कोलकात्यात दीर्घकाळ शिकवत होत्या. २०२० मध्ये १०१ व्या वर्षी गेल्या. त्यांच्यावर स्वतंत्र लिहायला हवं. पतीच्या नावाआड त्यांचं शिक्षकपण झाकलं गेलं आहे.

रविवार

आज सकाळच्या बॅचमध्ये एकीने दुसरीचा तट्टडवू मोबाइलवर घेतला आणि मला दाखवायला आणला. मोबाइल उभा धरलेला. चेहरा, दागिने, कमरेवरचे हात, सगळं सुरेख आलं होतं. चौकट गुडघ्याशी संपत होती. ज्या अडवूत तळवा जमिनीवर आपटणं हाच सगळा खेळ, त्यात तळवाच नव्हता. मी तिला पुन्हा घ्यायला लावलं. आधी समोरून पूर्ण देह, मग जमिनीला टेकून फक्त पाय, मग कोपऱ्यातून. तिसऱ्या वेळी ती आपणहून म्हणाली, ‘ताई, हिचा डावा गुडघा पुढे येतो.’ वर्षभर मी जे ओरडून सांगते आहे ते तिला चौकटीतून दिसलं.

मुलींना मी उदयशंकरांच्या शेवटच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९७० साली, सत्तरीत, त्यांनी कोलकात्यात ‘शंकरस्कोप’ केला. पडद्यावर सिनेमा चालू आणि त्यातलं पात्र पडद्यातून चालत रंगमंचावर येतं, पुन्हा आत जातं. मुली हसल्या, मग ‘कसं जमवलं?’ म्हणून मागे लागल्या. फितीतलं पाऊल आणि रंगमंचावरचं पाऊल एकाच मात्रेवर पडलं पाहिजे, एवढंच मी सांगितलं. दोघी लगेच भिंतीपाशी जाऊन करून बघायला लागल्या. एक मोबाइलमधल्या स्वतःच्याच नाचाशी लय जुळवत होती आणि दुसरी ताळम् धरत होती.

पुढच्या रविवारी क्लास मंडईत. सकाळी लवकर, माल उतरतो तेव्हा. पाट्या उचलणाऱ्यांचे गुडघे, पाठ, मान नीट बघायची, काही लिहायचं नाही, चित्रीकरण करायचं नाही. परत येऊन तालाशिवाय करून दाखवायचं. ते जमलं तर त्याच्या पुढच्या आठवड्यात कॅमेरा. पालकांच्या ग्रुपवर कळवलं तेव्हा एका आईने विचारलं, प्रवेशिकेला याचे मार्क असतात का. नसतात म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने तिचा परत निरोप आला: मुलगी येईल, आणि चालणार असेल तर मी पण येते, लहानपणी मला नाच शिकायचा होता.

चालेल म्हणून लगेच कळवलं. फक्त चप्पल साधी घालून या, तिथे चिखल असतो.